ओट्याची आण

बजरंगला विज्ञानाची गोडी लागली, ही बातमी बोरमाळात पसरायला चहा निवायचाही वेळ लागला नाही. ज्या माणसानं पोराला गोवर निघाला तेव्हा दवाखाना सोडून देवीला दहीभात वाहिला होता, तो आता नांदेडहून आलेल्या उत्खननवाल्यांसाठी घरचं ताक घेऊन जात होता. त्यांच्या डोक्यावर सावली व्हावी म्हणून त्यानं स्वतःची ताडपत्री बांधून दिली होती. आणि पारावर बसून लोकांना सांगत होता, "इतिहास कळाया पायजे गड्या. आपल्याला काय ठावं हाय? काईच न्हाई."

सिंधुनं हे ऐकलं आणि ती सावध झाली. तिच्या दिराला इतिहास कशासाठी कळायला पाहिजे, हे गावात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

मुखेडहून देगलूरकडं जाणारा रस्ता रुंद होणार होता, आणि त्या रुंदीत गावाबाहेरच्या माळावरच्या जुन्या कबरी येत होत्या. दोनशे वर्षांखाली निजामाच्या नावानं आणि इंग्रजाच्या हुकमानं चालणारी एक फौज या माळावर उतरली होती. तळावर पटकी आली, माणसं पटापटा गेली. तळ उठला आणि मेलेले तिथंच राहिले. त्यांचे पाच-सहा बुटके उंचवटे होते, त्यांच्याकडं कुणी बघायचं नाही. एकावर तर सटवाजी शेळ्या बांधायचा. पण मधोमध विटांचा, तीन पायऱ्यांचा, छातीइतका उंच ओटा होता. त्याला गाव दर पोळ्याला चुना द्यायचं. साहेबाचा ओटा. आत गोरा साहेब आहे, मोठा कडक साहेब आहे, हे गावाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. कुणी सांगितलं ते माहीत नव्हतं.

बोरमाळात आण घ्यायची ती या ओट्याची. देवाच्या आणेला पळवाट असते, हे गावानं फार आधी ओळखलं होतं. मारुतीची खोटी आण घेतलेला माणूस शनिवारी तेल वाहून मारुतीची समजूत काढतो. पिराची घेतली तर उरसाला चादर चढवतो. साहेबाला काय द्यायचं? त्याची जात ठाऊक नाही, भाषा येत नाही, त्याला नवस कळत नाही. त्याचं गावात कुणी सोयरं नाही, कुणी वैरी नाही. असल्या माणसापुढं खोटं बोलायची कुणाची छाती होत नाही. म्हणून बांधाचे, वाटणीचे, चोरीचे वाद इथं यायचे. हिंदूंचे यायचे तसे मुसलमानांचेही यायचे.

रीत अशी होती. आण मागणाऱ्यानं शब्द द्यायचे. घेणाऱ्यानं ओट्यावर उजवा हात ठेवून तेच शब्द म्हणायचे, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. म्हटले तर तो खरा. मधेच हात मागं घेतला तर तो खोटा. त्याच्या वर अपील नाही आणि तोच वाद पुन्हा ओट्यावर नाही.

तेरा-चौदा वर्षांखाली बजरंगनं हात मागं घेतला होता.

वाद विहिरीचा होता. बजरंगचा थोरला भाऊ रामकिशन नांदेडच्या दवाखान्यात महिनाभर पडून मेला. मागं राहिली त्याची बायको सिंधु, चार वर्षांची उज्वला, आणि माळरानाला लागून असलेलं शेत. शेतातली विहीर रामकिशननं स्वतः खोदलेली. बजरंगचं रान शेजारीच, कोरडं ठक्क. सुतक फिटल्यावर बजरंग म्हणाला की, दवाखान्यात जायच्या आधी दादानं आपल्याला शब्द दिला होता. विहिरीचं निम्मं पाणी तुझं. सिंधुला सांगून ठेवतो.

सिंधु म्हणाली, "मला काई बोलले न्हाईत."

ते बोलले होते. नांदेडच्या त्या दवाखान्यात, खाटेशेजारी ती मोसंबी सोलत बसलेली असताना, अगदी स्वच्छ शुद्धीत बोलले होते: बजरंगला निम्मं पाणी दे, मी शब्द दिलाय. तिनं हो म्हणून मान हलवली होती. पण चैतात त्या विहिरीला जेमतेम एका रानाचं पाणी असतं, हा हिशोब मेलेल्या माणसाला करावा लागत नाही, मागं राहणाऱ्याला करावा लागतो. सिंधु वाईट बाई होती असं नाही. वाईट असती तर गोष्ट सोपी झाली असती.

वाद ओट्यावर गेला तेव्हा आण मागणारी सिंधु होती, म्हणून शब्द तिचे होते. तिनं ते आठवडाभर निवडले होते, डाळीतले खडे निवडावेत तसे. ती म्हणाली, "म्हणा भावजी: माझ्या भावानं, मी न मागता, आपणहून मला निम्मं पाणी दिलं."

बजरंगनं हात ठेवला. 'माझ्या भावानं' इतकं म्हणाला. पुढं त्याची जीभ अडली. त्यानं मागितलं होतं. भावाच्या पाया पडून मागितलं होतं, एकदा नाही, तीनतीनदा. तो घामाघूम झाला आणि पंचांच्या म्होरक्याला, अमृतरावांना म्हणाला, "अण्णा, ते 'न मागता' तेवढं काढा."

"शब्दात फेरफार न्हाई," अमृतराव म्हणाले.

बजरंगनं हात मागं घेतला. गावानं पाहिलं ते एवढंच. कुठल्या शब्दावर घेतला, हे सहा महिन्यांत विसरलं गेलं. हात घेतला, हे राहिलं. तेव्हापासून बजरंग म्हणजे वहिनीचं पाणी लाटायला निघालेला माणूस. दोन्ही घरांचं बोलणं बंद. सिंधुनं त्या पाण्यावर हळद काढली, उन्हाळी भुईमूग काढला, उज्वलाला वाढवलं. ती उज्वला आता डॉक्टरकीच्या परीक्षेच्या शिकवणीसाठी लातूरला राहत होती.

आता ओटाच उठणार होता. बजरंगचा हिशोब साधा होता: ओटा उठला की त्यानं दिलेला निकालही उठला.

उत्खनन चालवणाऱ्या सुकन्या मॅडम मूळच्या लातूरच्या, शिकवायला नांदेडला. इंग्रज कंपनीच्या अमदानीतल्या सुरुवातीच्या कबरींचा त्यांचा अभ्यास. कोण कुठून आलं, कशानं मेलं, कसं पुरलं. रस्ता व्हायच्या आत हे सगळं नोंदवून, हाडं नांदेडला न्यायची होती. माती वाहायला बायका पाहिजेत म्हटल्यावर सिंधु आपली हळद उकडायची सोडून तिथं रोजानं गेली. घरची बागायतदारीण घमेलं उचलताना पाहून तिची जाऊ, बजरंगची बायको गुरम्मा, बांधावरूनच म्हणाली, "अक्काला बी इतिहास लागला म्हणायचा." गुरम्मा देगलूरच्या पलीकडची, माहेरी कानडी. इतकी वर्षं ती सिंधुशी बोलत नव्हती, पण सिंधुला ऐकू जाईल असं वाऱ्याशी मात्र भरपूर बोलायची.

आधी बुटके उंचवटे उघडले. माती चमच्यानं खरवडायची, ब्रशनं झाडायची, दोऱ्यानं मोजायची. सिंधुला वाटलं, बाळंतिणीला इतक्या हळू न्हाऊ घालत नाहीत. प्रत्येकाचं डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला, उताणं. पेटीचं लाकूड गेलेलं, पण गंजलेल्या खिळ्यांची रांग तशीच उभी. मधे पितळेच्या गुंड्या.

"गोऱ्यांची रीत," सुकन्या मॅडम म्हणाल्या. "मेलेले परत उठायच्या दिवशी उगवतीकडं तोंड असावं म्हणून."

सटवाजीच्या शेळ्यांखालचा निघाला तो तर सगळ्यांहून वरचढ. पेटीला पितळी कड्या, खांद्याशी जरीचे काळे पडलेले धागे. मॅडम बराच वेळ त्यावर वाकून होत्या. मग म्हणाल्या, "हा अधिकारी. बहुतेक तळावरचा सगळ्यात मोठा हाच."

सटवाजीनं डोकं खाजवलं. "म्हंजी साहेब ह्यो? दोनशे वर्षं लेंड्या पुरवल्या की आमी साहेबाला."

सगळे हसले. सिंधु हसली नाही. ती घमेलं ठेवून मॅडमजवळ गेली.

"मॅडम, मग मोठ्या ओट्यात कोण?"

"उघडल्यावर कळेल."

"तिथंबी साहेबच असंल ना? धाकला."

मॅडमनी मान वर करून तिच्याकडं पाहिलं. "तुम्हाला कोण हवाय, सिंधुताई?"

"साहेबच बरा," सिंधु म्हणाली. "सवय झाली."

ओट्याचा चुना खरवडायला चार दिवस गेले. पापुद्र्याखाली पापुद्रा, कांदा सोलावा तसा. बजरंग रोज सकाळी येऊन उभा राहायचा. पण सिंधुच्या एक ध्यानात आलं. मजूर वर चढायचे, विटा काढायचे, तो मात्र ओट्याला एकदाही हात लावत नव्हता. पायऱ्यांपासून दोन पावलं लांब, हात पाठीशी बांधून. विज्ञानाच्या बाजूनं उभा असलेला हा माणूस ओट्याला अजून घाबरत होता.

एक बाजू उतरवली, आतली माती काढली, आणि तळाशी एक माणूस दिसलं. पेटी नाही, खिळे नाहीत, गुंड्या नाहीत. डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला. उजव्या कुशीवर, तोंड पश्चिमेला. मॅडमनी दिवसभर कुणालाही जवळ येऊ दिलं नाही. संध्याकाळी कंबरेच्या हाडावरची माती निघाली, तेव्हा त्या मागं सरून बसल्या आणि म्हणाल्या, "बाई आहे. तोंड मक्केकडं, म्हणजे मुसलमान बाई. तिशीच्या आतली."

सिंधुच्या हातातलं घमेलं तिथंच राहिलं. "मॅडम, बाई म्हणायलाच पायजे का?"

"हाडंच म्हणतायत. माझ्या हातात काय आहे?"

"साहेबाच्या तळावर बाई कशाला?"

"ठेवत असत साहेब लोक. काही जण तर जीव लावत." मॅडम ओट्याच्या पायऱ्यांकडं पाहत होत्या. "मेली तेव्हा तिच्या लोकांकडून तिच्या रीतीनं पुरून घेतलं असेल, आणि वर त्यानं त्याच्या रीतीचा ओटा बांधला असेल. नाव मात्र कुठं टाकलेलं नाही. आणि मग तोच मेला."

बातमी गावात गेली. साहेब बाई निघाला. मग ज्याचा-त्याचा हिशोब सुरू झाला. कुणाच्या आज्यानं बांधावरून हात मागं घेतला होता, त्याच्या नातवाला तो बांध आठवला. एकाला बैल आठवला, जो त्याच्या जन्माच्याही आधी मेला होता. आणि बजरंग अमृतरावांच्या दारात जाऊन बसला.

"अण्णा, मी हात घेतला तो साहेबावरून. साहेब तर शेळ्यांखाली हाय. मग माझा हात मागं घेतला, ह्ये धरायचं कसं? वाद नव्यानं घ्या."

"मग खऱ्या साहेबावर ठेव हात."

"त्यो कामाचा न्हाई. दोनशे वर्षांत त्यानं एक निकाल केला न्हाई. लोकांनी हात ठेवले ते हिच्यावर. बाई असो का बाप्या, इतक्या पिढ्यांची आण हिनं अंगावर घेतली, हिला काय कमी ताकद आली असंल? मी हिच्यावरच हात ठेवीन. आज शब्द सरळ द्या, आज ठेवतो."

अमृतरावांना हे पटलं. पटलं नसतं तरी त्यांना दुसरं काही करता आलं नसतं, कारण पंचाहत्तरी ओलांडल्यापासून निकाल द्यायची संधी त्यांना फारशी मिळत नव्हती.

तोवर मुखेडला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी तिथली चार वडीलधारी माणसं आली आणि त्यांच्याबरोबर खाजाभाई. खाजाभाई मूळचा बोरमाळचाच. मुखेडात पाण्याच्या मोटारींचं वायंडिंग भरायचं त्याचं दुकान. पंचक्रोशीतली कुठली विहीर कधी आटते, हे त्याला जळालेल्या मोटारींवरून कळायचं. त्यांचं म्हणणं एवढंच, की जनाना आहे, मय्यत आहे, पेटीत घालून कपाटात ठेवू नका. मॅडमनी तहसीलला फोन लावले, इकडून तिकडून परवानगी आली. मोजमाप, फोटो झाले की हाडं मुखेडच्या कब्रस्तानात दफन होणार. उद्या दुपारी.

म्हणजे वाद मिटवायला उद्याची सकाळ तेवढी राहिली.

त्या संध्याकाळी सिंधुनं लातूरला उज्वलाला फोन केला.

"आई, आवाज का असा तुझा?"

"धूळ गेली घशात. जेवलीस का?"

"जेवले. परीक्षा जवळ आलीय, आता कुठं जरा कळायला लागलंय बघ. विहिरीला पाणी आहे ना गं?"

"हाय की," सिंधु म्हणाली. "तू तुझं बघ."

सकाळी सगळं गाव माळावर. ओट्याची एक पायरी आणि विटांची एक कड शाबूत होती, खाली खड्ड्यात खाजाभाईनं आणलेलं पांढरं कापड घातलेलं. त्यामुळं आज पहिल्यांदाच लोक तिथं चपला काढून उभे राहिले. साहेबापुढं कुणी काढल्या नव्हत्या.

अमृतराव म्हणाले, "बजरंग, ये पुढं. सिंधुबाई, शब्द द्या. सरळ द्या यंदा."

बजरंगनं बाह्या सारल्या, तेवढ्यात खाजाभाई खाकरला.

"अण्णा, हे बघा, मी काय मौलवी न्हाई. मी मोटारी भरून राहिलो. पन परक्या मर्दानं जनानीच्या कबरीवर हात ठेवून कसम खानं, ह्ये बरं दिसत न्हाई."

"इतकी वर्षं तर समद्यांनी ठेवला," सटवाजी म्हणाला. "तुझ्या वालिदांनी बी ठेवला. कोंबड्यांच्या भानगडीत."

"तवा ती साहेब होती," खाजाभाई शांतपणे म्हणाला.

मुखेडच्या वडीलधाऱ्यांनी माना हलवल्या. सिंधुच्या छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलल्यासारखा झाला. हात ठेवताच येणार नाही, वाद जिथल्या तिथं. खाजाभाईला घरी बोलावून गूळ-शेंगदाणे द्यावेत, इतका तो तिला त्या क्षणी आवडला.

"मग बाई ठेवंल," गुरम्मा बोलली. "बाईनं ठेवला तर चालतंय का, खाजाभाई?"

"चालतंय की. बाईला बाईचा काय परदा."

"मग मी ठेवते."

"तू काय ऐकलंस?" अमृतराव म्हणाले. "ज्याच्या कानानं ऐकलं त्याचाच हात. रामकिशन तुझ्यापुढं बोलला का?"

"न्हाई."

"मग?"

गुरम्मानं पदर खोचला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाऱ्याकडं न बघता सिंधुकडं पाहिलं. "मग अक्का हाय की. दादा म्हनले होते, सिंधुला सांगून ठेवतो. सांगितलं का न्हाई सांगितलं, ह्ये अक्काच्याच कानाला ठावं. आमी मागतो आण. अक्कानं घ्यावी. आन शब्द ह्यांचे."

माळावर वाऱ्याला ताडपत्री फडफडली. अमृतरावांनी पंचांकडं पाहिलं, पंचांनी एकमेकांकडं. यात खोट काढायला जागा नव्हती. सिंधुनं मनातल्या मनात दहा जागा शोधल्या, एकही लागली नाही. इतकी वर्षं तिच्यावर कुणी आण घातली नव्हती. बजरंगचा हात मागं गेला यातच तिचा खरेपणा आला होता, तिला त्यासाठी तोंडसुद्धा उघडावं लागलं नव्हतं. आता नाही म्हटलं तर तेही हात मागं घेणंच.

"दे रे शब्द," अमृतराव म्हणाले.

बजरंग पुढं आला. त्याला शब्द निवडायची सवय नव्हती.

"'बजरंगला निम्मं पाणी द्यावं, असं मालक मला कधी बोलले न्हाईत.' एवढंच म्हना, वैनी. मी काई अडकवीत न्हाई शब्दात. म्हनलात तर पुन्यांदा पाण्याचं नाव काढणार न्हाई. माझी पोरंबी काढणार न्हाईत."

सिंधु पायरीशी गेली. मॅडम एका बाजूला उभ्या होत्या. त्यांनी गळ्यातला कॅमेरा काढून खाली ठेवला. विटेची कड ओबडधोबड होती, चुना गेलेला. तिनं हात ठेवला. वीट उन्हानं गरम झाली असेल असं तिला वाटलं होतं, ती गार होती.

शब्द सरळ होते. हेच वाईट होतं. वाकड्या शब्दाला धरून बसता येतं, त्यातल्या एका कोपऱ्यात खरेपणा लपवता येतो. बजरंगनं तसा कोपराच ठेवला नव्हता. तिला खाट दिसली, मोसंबीची साल दिसली. मग चैतातली विहीर दिसली, तळाशी बुडबुडणारी मोटार. लातूरच्या त्या खोलीत भिंतीला टेकून वाचत बसलेली उज्वला दिसली. खाली कापडाखाली ती बाई कुशीवर निजलेली, तोंड पलीकडं. हिचा ओटा हिनं मागितला नव्हता. हिच्यापुढं लोक खरं बोलले ते हिला दुसरंच कुणी समजून. हिनं कुणाचं काय वाईट केलं असतं? साहेब असता तर, सिंधुला वाटलं, साहेब असता तर माझी जीभ उचलली नसती.

"बजरंगला निम्मं पाणी द्यावं," ती म्हणाली, "असं मालक मला कधी बोलले न्हाईत."

काही झालं नाही. नरडं बसलं नाही, हात झडला नाही. कुठूनतरी सटवाजीची शेळी ओरडली आणि कुणीतरी तिला हाकललं.

बजरंग तिच्या तोंडाकडं बघत होता. गारपीट होणार की ढग नुसता जाणार, हे बघायला माणूस आभाळाकडं बघतो तसा. तिनं हात उचलला तरी तो बघतच होता. मग त्याचे खांदे उतरले.

"बरं," तो म्हणाला. खाली वाकून त्यानं खड्ड्याच्या कडेची माती कपाळाला लावली आणि बाजूला झाला.

गावानं समाधानानं श्वास सोडला. बजरंग दोनदा खोटा ठरला, सिंधु दोनदा खरी. दुपारी मुखेडची माणसं कापडात बांधलेलं ओझं घेऊन गेली. बजरंगनं त्यांच्या गाडीपर्यंत रस्ता मोकळा करून दिला. मॅडम जाता जाता सिंधुला म्हणाल्या, "तुम्ही बरोबर साहेबच मागत होतात," आणि पुढं काही न बोलता जीपमध्ये बसल्या. त्यांना काय कळलं आणि किती कळलं, हे सिंधुला कधीच समजणार नव्हतं.

आण पुरी झाली की हरलेल्यानं त्याच संध्याकाळी जिंकलेल्याच्या घरी जोडीनं जेवायचं, म्हणजे वैर फिटलं, अशीही एक रीत होती. मागच्या वेळी आण अर्ध्यात राहिली म्हणून जेवण झालं नव्हतं. सिंधुला वाटलं, येणार नाहीत. दिवेलागणीला दोघंही आले. गुरम्मानं येताना शेंगदाण्याची चटणी आणली होती.

सिंधुनं ज्वारीच्या भाकरी केल्या, आमटी, वांगं. बजरंग भिंतीशी पाट घेऊन बसला. वर रामकिशनचा फोटो होता, तिकडं त्यानं पाहिलं नाही. जेवताना तो उज्वलाची चौकशी करू लागला. लातूरला तिची खोली कशी आहे, खाणावळ बरी आहे का, रस्त्यानं एकटी येते का.

"भुईमुगाला आता एक पाणी द्या, वैनी," तो म्हणाला. "पानं वळून राहिली. मी बांधावरून बघतो रोज, पन बोलणार कसं?"

"देते," सिंधु म्हणाली.

गुरम्मा खाली मान घालून जेवत होती. एकदा तिनं मान वर केली, सिंधुच्या हाताकडं पाहिलं, मग तोंडाकडं, आणि पुन्हा घास घेतला. तिला पटलं होतं की नव्हतं, हे तिच्या जेवण्यावरून कळत नव्हतं. ती नेहमीसारखीच जेवत होती.

"एक सांगायचं होतं, वैनी," बजरंग म्हणाला. "दादाला पोरगा न्हाई, म्हनून त्याचं पित्तर मी घालीत आलो. तुमचं-आमचं बोलणं नव्हतं तरी एक वर्स चुकवलं न्हाई. कावळ्यानं पान शिवलं न्हाई तर उपाशी राहिलो. मला वाटायचं, दादानं तुम्हाला सांगितलं आसंल, तुमीच दाबून राहिल्या. देवाशप्पत वाटायचं. इतकी वर्सं म्या तुमाला मनात शिव्या देल्या. त्या चुकल्या."

सिंधु परातीजवळ बसली होती. तिच्या हातात भाकरी होती.

"सांगितलंच न्हाई त्यानं," बजरंग म्हणाला. "मी पाया पडून राहिलो होतो तवा मला उठवलं, पाठीवर हात फिरवला, म्हनला सांगून ठेवतो. आन सांगितलं न्हाई. नुसतं मला गप करायला बोलला. मरणाच्या दारात बसून सख्ख्या भावाला फसवलं त्यानं. यंदापासून मी त्याचं पित्तर घालणार न्हाई. तुमी दुसऱ्या कुणाला सांगा."

"असं करू नका, भावजी," सिंधु म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. "मेलेल्या माणसावर राग धरू नये. ते तसे नव्हते."

"मलाबी तसंच वाटायचं." बजरंगनं आमटीत भाकरी चुरली. "राग न्हाई, वैनी. आता त्याचं न्‌ माझं काई न्हाई, इतकंच."

मग भाकरी चांगली मऊ झाली आहे म्हणाला, आणि अर्धी आणखी मागून घेतली.